पश्चिमेकडचा एक फूट : लातूर जिल्ह्यातील एका घराच्या बांधकाम परवानगीचे प्रकरण

लातूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी, नगरपरिषदेच्या हद्दीत, जिल्हा परिषदेच्या शाळेतील एका शिक्षकाने स्वतःच्या राहण्यासाठी बांधलेल्या घराचे हे प्रकरण आहे. गाव आणि माणसे ओळखू येऊ नयेत म्हणून त्यांची नावे दिलेली नाहीत. गल्लीत सगळे त्यांना गुरुजी म्हणतात, म्हणून येथेही तोच उल्लेख केला आहे. त्यांच्या पत्नी एका पतसंस्थेत लेखनिक असून घराची सर्व कागदपत्रे पहिल्यापासून त्यांच्याच हाती होती, आणि पुढे जे निभावले त्यात या गोष्टीचा वाटा मोठा आहे. प्रस्तुत लेखकाचा या कामाशी संबंध जोत्याच्या टप्प्यावर, दुसरे मत देणारा सल्लागार अभियंता म्हणून आला.

या प्रकरणात ना न्यायालय आहे, ना पाडापाडी, ना कोणाची लाचखोरी. परवानगी वेळेत मिळाली होती, नकाशा नियमात बसणारा होता, शुल्क भरलेले होते. तरीही घर जोत्यापर्यंत आले तेव्हा ते मंजूर नकाशाप्रमाणे नव्हते. हे कसे घडते, हाच या लेखनाचा विषय आहे.

कागदावरचा प्लॉट

प्लॉट चाळीस फूट रुंद आणि पन्नास फूट लांब, म्हणजे १२.१९ मीटर गुणिले १५.२४ मीटर, क्षेत्र सुमारे १८५.८ चौरस मीटर. समोर नऊ मीटरचा रस्ता, पूर्वेला शेजाऱ्यांचे बांधून झालेले घर, पश्चिमेला तारेचे कुंपण घातलेला मोकळा प्लॉट. जमीन अकृषिक, म्हणजे शेतीखेरीज वापराची झालेली, आणि अभिन्यास, म्हणजे प्लॉट पाडल्याचा आराखडा, मंजूर असलेला. त्याच गावाच्या दुसऱ्या टोकाला गुंठ्यावर, म्हणजे मंजूर अभिन्यासाशिवाय तुकडे पाडून, विकलेले प्लॉट जवळजवळ निम्म्या भावात मिळत होते आणि गुरुजींच्या भावकीने तिकडेच घ्या असा आग्रह धरला होता. गुरुजींच्या पत्नीने तो मानला नाही. गुंठेवारी नियमाधीन करण्याचा २००१ चा कायदा २०२१ मध्ये सुधारला गेला आणि त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीपुरती वाढली, हे त्यांनी वाचलेले होते. त्यानंतर पडलेल्या तुकड्यांना त्या मुदतीचा आधार मिळणार नव्हता.

मराठवाड्यात जमीन घेताना आणखी एक गोष्ट पाहावी लागते. निजामाच्या राजवटीतील इनामे, मदतमाश (निर्वाहासाठी दिलेल्या जमिनी), देवस्थानच्या जमिनी यांचा इतिहास सातबाऱ्याच्या इतर हक्कांत आणि जुन्या फेरफारांत दडलेला असतो. भोगवटादार वर्ग दोनची, म्हणजे हस्तांतरणावर निर्बंध असलेली, जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय हस्तांतरित झालेली असली, तर पुढे बांधकाम परवानगीच्या टप्प्यावर ते प्रकरण उघडे पडते. येथे मूळ जमीन वर्ग एकची होती आणि फेरफारांची साखळी सरळ होती. त्यामुळे या भागावर अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

एक गोष्ट मात्र तेव्हा कोणी केली नाही. प्लॉटची प्रत्यक्ष जागेवर मोजणी झाली नाही. अभिन्यासात चाळीस बाय पन्नास लिहिले होते, खरेदीखतात तेच उतरले, आणि तेच आकडे पुढे नकाशात गेले. हद्दीचे दगड केव्हाच नाहीसे झालेले होते.

‘दीड हजार फुटांपर्यंत परवानगीच लागत नाही’

परवानगीसाठी अर्ज करायचा की नाही, यावरच आधी घरात चर्चा झाली, कारण गावात एक समज पसरला होता. राज्याची एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली डिसेंबर २०२० मध्ये लागू झाली, तेव्हा दीड हजार चौरस फुटांपर्यंतच्या प्लॉटला बांधकाम परवानगीची गरज नाही, अशा बातम्या आल्या होत्या. त्या बातम्यांतला पुढचा अर्धा भाग बहुतेकांच्या वाचनातून निसटला. नियमावलीने १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवरील लहान इमारती कमी जोखमीच्या मानल्या आणि त्यांच्यासाठी कार्यपद्धती सोपी केली. मालकीची कागदपत्रे आणि परवानाधारक व्यक्तीने (नकाशे काढण्याचा परवाना असलेल्या वास्तुविशारदाने किंवा अभियंत्याने) नियमाप्रमाणे तयार केलेला नकाशा सादर करून शुल्क भरले की वेगळ्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही, एवढाच तिचा अर्थ आहे. सामासिक अंतरे (इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा), चटई क्षेत्र (सर्व मजल्यांचे मिळून बांधकाम), उंची, संरचनेची सुरक्षितता यांतला कोणताही नियम त्या प्लॉटला माफ झालेला नाही. सवलत तपासणीच्या रांगेतून आहे, नियमांतून नाही. उलट तपासणारा अधिकारी दूर सरकल्यामुळे नकाशावर सही करणाऱ्याची आणि मालकाची जबाबदारी वाढते, हे गावोगाव सांगितले जायला हवे होते.

गुरुजींचा प्लॉट १५० ते ३०० चौरस मीटर या मधल्या गटात येत होता. या गटात परवानाधारकाच्या प्रमाणपत्राच्या आधारे दहा दिवसांत परवानगी देण्याची तरतूद आहे. एरवी महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४५ नुसार साठ दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाल्याचे मानले जाते. परंतु मानीव परवानगीसुद्धा नियमात बसणाऱ्या नकाशालाच लाभते, आणि गृहकर्ज देणारी बँक सहसा तिच्यावर समाधान मानत नाही. गुरुजींना कर्ज काढायचे होते. अर्ज ऑनलाइन प्रणालीवर भरला गेला, रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारने ठरवलेल्या बाजारमूल्याच्या, दरांवर बेतलेले विकास शुल्क आणि छाननी शुल्क भरले गेले. बांधकामाचा खर्च दहा लाखांच्या वर जात असल्याने त्या वेळच्या कायद्याप्रमाणे एक टक्का कामगार उपकरही भरावा लागला. गुरुजींना तो खटकला, कारण घर स्वतःच्या राहण्यासाठीच होते. पण त्या कायद्यातली सूट स्वतःच्या राहत्या घरालाच आणि दहा लाखांच्या आतल्या खर्चालाच होती. २०२२ च्या पावसाळ्यानंतर बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र हाती आले.

मंजूर नकाशात पुढे तीन मीटर, मागे दीड मीटर आणि दोन्ही बाजूंना दीड-दीड मीटर अंतर सोडलेले होते. म्हणजे इमारतीची रुंदी ९.१९ मीटर आणि खोली १०.७४ मीटर, एका मजल्याचे क्षेत्र सुमारे ९८.७ चौरस मीटर. तळमजला आणि पहिला मजला मिळून १९७ चौरस मीटरच्या थोडे वर. मूळ चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधता येते तो आकडा, १.१ धरला तर या प्लॉटवर २०४ चौरस मीटर बांधता येत होते. अधिमूल्य भरून वाढीव क्षेत्र विकत घेण्याचा प्रश्नच उद्भवला नाही. नकाशाने सोडायचे तेवढेच अंतर सोडले होते आणि घ्यायची तेवढी सगळी रुंदी घेतली होती. दोन्हीकडे बोटभरही सूट शिल्लक नव्हती, आणि पुढे अडचण झाली ती यामुळेच.

काळी माती आणि नऊ इंची कॉलम

खोदाईत पहिले पाच-सहा फूट काळी माती लागली आणि मग पिवळसर कठीण मुरूम. मराठवाड्यातल्या काळ्या मातीचा स्वभाव येथल्या प्रत्येक मिस्त्रीला ठाऊक असतो. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावर टेकवलेले जोते दरवर्षी थोडे हलते. त्यामुळे फुटिंग, म्हणजे कॉलमखालचा पाया, कठीण मुरमात नेण्याबद्दल वाद झाला नाही. वाद झाला तो खोदलेल्या मातीवरून. ती टाकायला जागा नाही, मुरमाची ट्रॉली महाग आहे, तेव्हा जोत्याच्या आत तीच भरून पाणी मारू, असे गुत्तेदाराचे, म्हणजे कंत्राटदाराचे, म्हणणे होते. तसे केले असते तर भिंती जागेवर राहून आतली फरशी उचलली गेली असती. गुरुजींनी भर मुरमाचीच घातली.

खरा प्रश्न लोखंडाचा निघाला. संरचना अभियंत्याने ३०० गुणिले ३८० मिलिमीटरचे बारा कॉलम दिले होते, म्हणजे बोलीभाषेत बारा बाय पंधरा. मिस्त्रीने सळयांचे पिंजरे नऊ बाय पंधराचे बांधले. त्याचे कारण त्याच्या दृष्टीने रास्त होते. भिंत नऊ इंची, कॉलम बारा इंची, म्हणजे खोलीच्या कोपऱ्यात तीन इंचांची कड बाहेर येणार, कपाट नीट बसणार नाही, आणि मालक उद्या त्यालाच बोलणार. त्याने आजवर बांधलेल्या सर्व घरांत नऊ इंची कॉलमच होते आणि ती सर्व उभी होती.

त्यांतले एकही घर मोठ्या भूकंपातून गेलेले नव्हते, एवढेच त्या अनुभवाला उत्तर होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा हा प्रदेश भारतीय मानकाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या क्षेत्रात होता. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गावे विसर्जन करून झोपली होती, आणि चिखलात रचलेल्या जाड दगडी भिंती व त्यांच्यावरील मातीची जड माळवदे झोपेतल्या माणसांवर कोसळली. २००२ मध्ये भूकंप मानक सुधारले, पहिले क्षेत्र रद्द झाले आणि लातूरचा परिसर तिसऱ्या क्षेत्रात गेला. तिसऱ्या क्षेत्रात काँक्रीटच्या सांगाड्याला लवचिकतेचे मानक, म्हणजे आयएस १३९२०, पाळावे लागते. त्याच्या २०१६ च्या आवृत्तीत कॉलमची लहान बाजू किमान ३०० मिलिमीटर ठेवण्यास सांगितले आहे, आणि नऊ इंच म्हणजे २३० मिलिमीटर. सांध्याजवळ उभ्या सळयांना वेढणाऱ्या रिंगांतले अंतर १०० मिलिमीटरपेक्षा अधिक चालत नाही. रिंगांची टोके काटकोनात न ठेवता १३५ अंशांत आत वळवावी लागतात, म्हणजे हादऱ्यात बाहेरचे काँक्रीट गळून पडले तरी रिंग उघडत नाही. मिस्त्रीच्या रिंगा काटकोनी होत्या आणि सहा-सहा इंचांवर बांधलेल्या होत्या.

हे काँक्रीट पडण्याआधी लक्षात आले, कारण संरचना अभियंत्याच्या मानधनात लोखंड तपासण्याची भेट धरलेली होती आणि तो आला. पिंजरे सोडून पुन्हा बांधावे लागले. मजुरी गुत्तेदाराने सोसली, रिंगांचे जास्तीचे लोखंड गुरुजींनी आणून दिले. गुरुजी स्वतः भूकंपानंतर पुनर्वसन झालेल्या गावात वाढलेले आहेत. कोपऱ्यातल्या तीन इंचांच्या कडेवर त्यांनी नंतर एकही शब्द काढला नाही.

आखणी

लोखंड तपासण्याची भेट ठरलेली होती, आखणी तपासण्याची नव्हती. नकाशा काढणाऱ्या परवानाधारकाचे मानधन मंजुरीपर्यंतचे होते. संरचना अभियंत्याचे काम कॉलम किती जाड हे पाहण्याचे, तो हद्दीपासून किती अंतरावर उभा आहे हे पाहण्याचे नव्हे. गुत्तेदार म्हणत होता की आखणी मिस्त्रीची. मिस्त्रीने ती चुन्याची फक्की, दोरी आणि गुण्या घेऊन त्याच्या पद्धतीने चोख केली. काटकोन बिनचूक होते, कर्ण जुळत होते. पूर्वेच्या शेजाऱ्यांच्या कंपाउंड भिंतीपासून त्याने पाच फूट मोजले, तेथून इमारतीची तीस फूट दोन इंच रुंदी टाकली, आणि पश्चिमेकडे जे उरले ते उरले.

तेथे उरायला हवे होते पाच फूट. प्रत्यक्षात उरले एक फुटाने कमी, म्हणजे १.२० मीटर. कंपाउंड भिंतीपासून तारेच्या कुंपणापर्यंत जागा मुळातच चाळीस फूट नव्हती. ती एकोणचाळीस फूट, म्हणजे ११.८९ मीटर होती.

हे उघडकीला आले ते जोत्याच्या वेळी. बारा कॉलम जोत्याच्या पातळीपर्यंत भरून झाले होते आणि जोत्याच्या बीमचे लोखंड आणून ठेवले होते. नियमावलीप्रमाणे जोत्यापर्यंतचे काम झाल्याची सूचना मालकाने परवानाधारकामार्फत द्यायची असते, आणि काम मंजूर नकाशाप्रमाणे असल्याचे प्रमाणपत्र त्याने स्वतःच्या सहीने द्यायचे असते. सहीची वेळ आली तेव्हा टेप निघाला. बँकेचा पुढचा हप्ताही त्याच प्रमाणपत्राला बांधलेला होता. परवानाधारकाने सही करण्यास नकार दिला, आणि माझ्या मते या संपूर्ण प्रकरणातले त्याचे सर्वांत चांगले काम हेच होते. नकाशा काढण्याआधी जागा मोजली नाही हा दोष त्याच्याकडेही येतो. पण तो दोष सहीने झाकण्याची सोय त्याच्या हातात असताना त्याने ती वापरली नाही.

चार मार्ग

गुरुजींपुढे चार मार्ग मांडले गेले. त्यांतला पहिला मिस्त्रीचा होता आणि तो थोडक्यात असा : “गुरुजी, एका फुटाला कोण टेप लावून बघायलंय?” गल्लीत कोणाचे घर नकाशाप्रमाणे आहे, हा त्याचा पुढचा प्रश्नही खोटा नव्हता. ज्येष्ठ मंडळींनी त्याला जोड दिली की पुढे-मागे सरकार सगळे नियमित करतेच. या आशेचा हिशेब मात्र करून पाहावा लागतो. अनधिकृत बांधकामे प्रशमित, म्हणजे शुल्क घेऊन नियमित, करण्यासाठी नगररचना अधिनियमात घातलेले कलम ५२-अ हे ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतच्या बांधकामांपुरते आहे. गुंठेवारीची मुदत ३१ डिसेंबर २०२० ची, आणि तीही वेगळ्या प्रकारच्या प्लॉटांसाठी. २०२३ मध्ये उभ्या राहणाऱ्या जोत्याला दोन्हींतले काहीच लागू नव्हते. दुसऱ्या बाजूला बांधकाम काढायला सांगणारी कलम ५३ ची नोटीस, भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरण्याची परवानगी) न मिळणे, मालमत्ता कराच्या दुपटीची शास्ती आणि अडकलेला बँकेचा हप्ता होता. यांपैकी पहिले कदाचित कधीच घडले नसते, शेवटचे त्याच महिन्यात घडणार होते.

दुसरा मार्ग सवलत मागण्याचा होता. नियमांच्या काटेकोर पालनाने उघड अडचण होत असेल अशा विशिष्ट प्रकरणी आरोग्य, अग्निसुरक्षा, संरचना आणि सार्वजनिक सुरक्षिततेला बाध येत नसेल, तर परिमाणांत शिथिलता देण्याचा विवेकाधिकार नियमावलीत आहे. हा मार्ग अनेकांना सुचवला जातो आणि अडचणीच्या आकाराच्या प्लॉटांसाठी तो योग्यही आहे. पण अडचण प्लॉटने निर्माण केलेली असावी लागते. येथे पश्चिमेला नियमाप्रमाणे अंतर सोडूनही राहण्यासारखे घर बसत होते, फक्त कॉलम चुकीच्या ठिकाणी उभे राहिले होते. स्वतःच निर्माण केलेल्या अडचणीवर शिथिलता मागणे म्हणजे अधिकाऱ्याने नाही म्हणावे यासाठीच अर्ज करणे, आणि तोवर काम बंद ठेवणे. हा मार्ग घेऊ नये असे मी स्पष्ट सांगितले.

तिसरा मार्ग गुरुजींच्या मेहुण्यांनी काढला, आणि तो ऐकायला सर्वांत न्याय्य वाटत होता. प्लॉट चाळीस फुटांचा विकत घेतला आहे, तर एक फूट कोणीतरी दाबला आहे. तो शोधून परत घ्यावा, म्हणजे पश्चिमेचे अंतर आपोआप पाच फूट होईल. त्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयाकडे मोजणीचा अर्ज केला गेला. मोजणी झाली, हद्दी दाखवल्या गेल्या आणि मोजणी नकाशाची प्रत मिळाली. तिच्यातून निघाले ते कोणाच्याच सोयीचे नव्हते. पूर्वेची कंपाउंड भिंत गुरुजींच्या हद्दीत १२ सेंटीमीटर आत आलेली होती. पश्चिमेचे तारेचे कुंपण बरोबर हद्दीवर होते. उरलेले १८ सेंटीमीटर कोणीही दाबलेले नव्हते. अभिन्यास जागेवर उतरवतानाच त्या ओळीतले प्लॉट थोडे-थोडे कमी भरले होते. प्लॉटची खरी रुंदी १२.०१ मीटर निघाली. शेजाऱ्यांची भिंत पाडून घेतली असती तरी वाढणारे १२ सेंटीमीटर पूर्वेला वाढले असते, पश्चिमेचा कॉलम तसूभरही हलला नसता.

उरला चौथा मार्ग, पश्चिमेकडच्या रांगेतले चार कॉलम काढून ३० सेंटीमीटर आत घेण्याचा. फुटिंग तशीच ठेवून फक्त कॉलम आत सरकवता येतील का, असे गुत्तेदाराने विचारले. संरचना अभियंत्याने ते नाकारले, कारण कॉलमचा भार फुटिंगच्या मध्यावरून एवढा सरकला की फुटिंगची एक बाजू जास्त दाबली जाते आणि ते तिरपे होऊ पाहते. चारही फुटिंग उकरून काढली गेली, मोकळा झालेला मुरूम खरवडून त्या जागी साधे काँक्रीट भरले गेले, आणि नवी फुटिंग त्याच कठीण थरावर नव्या मध्यरेषेवर घेतली गेली. या वेळी आखणी मोजणी नकाशावरून झाली. परवानाधारक, संरचना अभियंता आणि मिस्त्री तिघेही जागेवर हजर होते, आणि दोरी बांधल्यावर चारही बाजूंची मापे कागदावर लिहून त्याखाली तिघांच्या सह्या घेण्यात आल्या. तो कागद गुरुजींच्या पत्नीने मागितला म्हणून झाला, नियमात त्याचे बंधन नव्हते.

इमारतीची रुंदी ८.८९ मीटर झाली. प्रत्येक मजल्यावर सुमारे ३.२ चौरस मीटर, म्हणजे पस्तीस चौरस फूट कमी झाले. मधल्या आणि पश्चिमेच्या रांगेतले अंतर घटल्याने बीमचा भार उलट हलकाच झाला. घटलेल्या रुंदीसह आणि मोजणीप्रमाणे दुरुस्त हद्दी दाखवून सुधारित नकाशा सादर केला गेला व तो मंजूर झाला. खर्च सुमारे पाऊण लाख रुपये आला. त्याची वाटणी गुरुजी, गुत्तेदार आणि परवानाधारक यांच्यात कशी झाली हे त्यांनी आपसांत ठेवले आहे. हीच दुरुस्ती स्लॅब ओतल्यावर करावी लागली असती तर तिला दुरुस्ती म्हणता आले नसते.

दीड मीटरचा आग्रह कशासाठी, हा प्रश्न गुरुजींनीही एकदा विचारला होता. बाजूचे अंतर उजेड-वाऱ्यासाठी असते, हे सगळे जाणतात. शेजारचा मोकळा प्लॉट उद्या बांधला जाईल, त्यालाही तितकेच अंतर सोडावे लागेल, आणि दोन घरांमध्ये मिळून तीन मीटरची फट राहील. भूकंपात दोन इमारती आपापल्या चालीने हलतात आणि फारच जवळ असल्या तर एकमेकींवर आपटतात. शिवाय आग लागली किंवा भिंत पडली, तर आत जाण्याची आणि बाहेर येण्याची वाट तीच असते.

पाणी आणि बाजूच्या मोकळ्या जागा

या दुरुस्तीत गेलेल्या दिवसांमुळे स्लॅबचे काम पुढे सरकून ऐन उन्हाळ्यात आले. याची झळ पैशांपेक्षा पाण्याला जास्त बसली. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या जिल्ह्यात मे महिन्यातला स्लॅब पिकवणे, म्हणजे ओला ठेवून घट्ट होऊ देणे, सोपे नसते. काँक्रीट मानकानुसार साध्या सिमेंटला किमान सात दिवस पाणी लागते. बाजारात बहुतेक मिळते ते राखमिश्रित सिमेंट आणि कोरड्या उष्ण हवेतले काम, या दोन्हींसाठी किमान दहा दिवस. स्लॅबवर मातीचे आळे करून पाणी साठवले गेले, कॉलमना ओले पोते गुंडाळले गेले, आणि पाणी टँकरचे आले.

बोअर आणि शोषखड्डा यांची जागा ठरवतानाही प्लॉटच्या मापांनी अडवले. पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून शोषखड्डा किमान १२ मीटर दूर असावा लागतो. पंधरा मीटर लांबीच्या प्लॉटवर हे जमवायचे तर एक पुढच्या कोपऱ्यात आणि दुसरा मागच्या कोपऱ्यात ठेवण्यावाचून गत्यंतर नव्हते. बोअर पुढे घेतली गेली. पर्जन्यजल पुनर्भरणाची सक्ती ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या प्लॉटांना आहे, गुरुजींच्या प्लॉटला ती नव्हती. तरीही गच्चीचे पाणी गाळणीतून बोअरजवळच्या खड्ड्यात सोडण्याची व्यवस्था त्यांनी केली. ज्या गावात टँकरच्या फेऱ्या मोजल्या जातात तेथे या एका गोष्टीसाठी नियमाची वाट पाहू नये, असे माझे मत आहे.

शेवटच्या टप्प्यावर बाहेरच्या जिन्याचा विषय निघाला. वरचा मजला पुढे भाड्याने द्यायचा तर पश्चिमेच्या मोकळ्या जागेतून लोखंडी जिना घ्यावा, म्हणजे भाडेकरूंची ये-जा घरातून होणार नाही, असा विचार होता. एवढा खटाटोप करून मोकळ्या केलेल्या जागेतच जिना उभा करण्याचा हा बेत गुरुजींच्या पत्नीनेच मोडीत काढला. सामासिक अंतरात पाऊण मीटरपर्यंतचा छज्जा चालतो, जिना चालत नाही. जिना पुढच्या व्हरांड्याच्या आत, मंजूर नकाशात होता तसाच राहिला.

तळमजला पूर्ण झाल्यावर परवानाधारकाच्या पूर्णत्वाच्या दाखल्यासह अर्ज केला गेला आणि तळमजल्यापुरते भाग भोगवटा प्रमाणपत्र मिळाले. त्याच्या आधारे मालमत्ता कराची आकारणी शास्तीशिवाय झाली आणि बँकेचा शेवटचा हप्ता सुटला. पहिल्या मजल्यासाठी कॉलमच्या वर सोडलेल्या सळया गावभर दिसतात तशा उघड्या न ठेवता कमी सिमेंटच्या काँक्रीटमध्ये झाकल्या गेल्या, कारण दोन-चार पावसाळ्यांत गंजलेल्या सळईवर पुढचा मजला उभारणे धोक्याचे असते. परवानगीची मुदत मात्र त्यांना लक्षात ठेवावी लागणार आहे. वरच्या मजल्याच्या मांडणीत बदल करायचा झाला तर काम सुरू होण्याआधी पुन्हा सुधारित नकाशा मंजूर करून घ्यावा लागेल.

पूर्वेच्या भिंतीचे १२ सेंटीमीटर अजून तसेच आहेत. शेजारी सज्जन आहेत, भिंत २०१४ च्या सुमारास बांधलेली आहे, आणि गुरुजींना वाद नको होता. परंतु मुदतीच्या १९६३ च्या कायद्यानुसार दुसऱ्याच्या जागेवर मालकीला न जुमानता बारा वर्षे उघड ताबा राहिला, तर मूळ मालकाचा हक्क धोक्यात येतो. ती बारा वर्षे भरायला फार काळ उरला नव्हता. म्हणून गुरुजींच्या पत्नीने शेजाऱ्यांकडून साध्या भाषेत एक लेख करून घेतला. भिंत मोजणीप्रमाणे गुरुजींच्या हद्दीत १२ सेंटीमीटर आत असून ती त्यांच्या संमतीने उभी आहे, तसेच ती कधी नव्याने बांधायची झाल्यास हद्दीवर घेतली जाईल, असे त्यात लिहिले आहे. लेखाला मोजणी नकाशाची प्रत जोडली आहे आणि त्यावर दोन्ही घरच्या माणसांच्या सह्या आहेत.